रोमचे कांस्य आर्णीपर्यंत का आले नाही

प्राचीन नाणी जमवायला बसलेल्या नवख्या माणसाच्या हाती सर्वांत सहज काय लागते, तर रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातले कांस्य नाणे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात ही नाणी इतक्या प्रचंड संख्येने पाडली गेली, की युरोपातल्या शेतांमधून ती आजही हजारांनी निघतात. नाणे अंगठ्याच्या नखाएवढे आणि वजन दीड-अडीच ग्रॅम. एका बाजूला कॉन्स्टंटाइन किंवा त्याच्या मुलाचे डोके. दुसऱ्या बाजूला भाले घेऊन समोरासमोर उभे असलेले दोन शिपाई, त्यांच्या मध्ये फौजेचे निशाण आणि कडेने ‘सैन्याचा गौरव’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. शिपायांच्या पायांखाली एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली चार-पाच बारीक अक्षरे. ही टांकसाळीची खूण. अँटिओकची वेगळी, अलेक्झांड्रियाची वेगळी, त्रियरची वेगळी. त्यातलेच एखादे अक्षर त्या टांकसाळीतल्या कोणत्या कार्यशाळेत नाणे पडले तेही सांगते. भिंगाखाली ती अक्षरे लागली, की संग्राहकाला होणारा आनंद खरा असतो. सतराशे वर्षांपूर्वीची वस्तू आपले जन्मगाव आपणच सांगत असते. मात्र ते नाणे पुढे कुठे फिरले, कोणाच्या कमरेच्या कशात राहिले आणि कोणत्या मातीत हरवले, हे त्यावर लिहिलेले नसते. ते फक्त ज्याला नाणे सापडले त्यालाच सांगता येते, आणि त्याने एकदा सांगितले नाही तर ते कायमचे गेले.

अरुणावतीकाठच्या आर्णीचा विचार या नाण्यांच्या संदर्भात करावासा वाटतो तो याच कारणाने. नागपूर–तुळजापूर महामार्ग आज आर्णीवरून जातो. त्याच्या दुसऱ्या टोकाला, तुळजापूरपासून फार दूर नाही, तेर आहे, म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले तगर. पश्चिमेला दिग्रस, मानोरा ओलांडले की मंगरूळपीरचा मुलूख लागतो, जिथे सातवाहन नाण्यांचा एक फार महत्त्वाचा ठेवा निघाला. दक्षिणेला माहूर आणि पैनगंगा. असा हा मधला प्रदेश रोमशी चाललेल्या व्यापाराच्या काळात ओसाड नव्हता. तरीही विदर्भात आणि एकूणच पश्चिम दख्खनेत निघालेल्या नाण्यांच्या ठेव्यांत रोमन कांस्य जवळजवळ दिसत नाही. यावरून कोणी म्हणेल, की हा भाग जगाच्या व्यापारापासून तुटलेला होता. माझे म्हणणे उलट आहे. रोमचे कांस्य इथे आले नाही, कारण त्याची इथे गरजच नव्हती. इथला बाजार स्वतःच्या चिल्लरवर चालत होता. आणि हे आपल्याला कळते ते सुट्या, देखण्या नाण्यांमुळे नव्हे, तर ज्यांचा सापडल्याचा ठिकाणा माहीत आहे अशा कळकट नाण्यांमुळे.

आधी वजनाचा हिशेब पाहू. ऑगस्टसने बसवलेल्या व्यवस्थेत सोन्याचा एक ऑरियस म्हणजे चांदीचे २५ डिनेरियस आणि एक डिनेरियस म्हणजे पितळेचे चार सेस्टर्शियस. ऑरियस सुमारे आठ ग्रॅमचा, डिनेरियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास, सेस्टर्शियस मात्र तब्बल २५ ग्रॅमचा. आता १०० डिनेरियसची रक्कम अलेक्झांड्रियाहून भडोचला न्यायची आहे असे धरा. सोन्यात ती चार नाण्यांत मावते, वजन जेमतेम ३१ ग्रॅम. चांदीत तीच रक्कम पावणेचारशे ग्रॅम भरते. पितळेत न्यायची तर ४०० नाणी आणि दहा किलो ओझे. शिवाय सेस्टर्शियसची किंमत त्यातल्या धातूपेक्षा राज्याच्या शब्दावर जास्त उभी होती. रोमच्या हद्दीत त्या शब्दाला मान होता. भडोचच्या सराफापुढे तो शब्द संपत होता आणि उरत होती फक्त पितळेची मोड. सोने-चांदी कुठेही गेली तरी आपली किंमत बरोबर नेते, हलक्या धातूचे नाणे ती सरहद्दीवर ठेवून येते. आपल्याकडची शिवराई याच जातीची. पेशवाई बुडाल्यावरही काही दशके ती महाराष्ट्राच्या बाजारात चालली, कारण इथल्या माणसाला ती ओळखीची होती. परमुलखात तिला तांब्याच्या भावाने कोणी घेतले असते, पैसा म्हणून नव्हे.

पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीचे एक वाक्य या विषयात नेहमी पुढे येते. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी त्याची तक्रार होती. हे वाचून पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पितळी नाण्यांनी भरलेली गलबते येतात. पण प्लिनी सेस्टर्शियस म्हणतो ते हिशेबाचे माप म्हणून. रोमन माणूस सगळे मोठे आकडे याच मापात सांगत असे. पाच कोटी सेस्टर्शियस खरोखर पितळेत पाठवले असते तर दरसाल साडेबाराशे टन नाणी जहाजांवर चढवावी लागली असती. तीच रक्कम पाच लाख ऑरियसमध्ये चार टनांत भागते. जहाजमालकाने काय निवडले असेल हे वेगळे सांगायला नको. त्याच शतकातला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हा ग्रीक मार्गदर्शक ग्रंथ तर स्पष्टच सांगतो. भडोचला उतरणाऱ्या मालात सोन्याची आणि चांदीची नाणी आहेत आणि स्थानिक नाण्यांशी त्यांची अदलाबदल फायद्याची ठरते, असे तो नोंदवतो. कांस्य नाण्यांचे नाव नाही. मात्र त्याच यादीत तांबे, कथील आणि शिसे आहे, नाणे म्हणून नव्हे, सरळ धातू म्हणून.

या तीन धातूंपाशी थांबायला हवे, कारण विदर्भातल्या सातवाहन नाण्यांचे घटक तेच आहेत. ज्याला नाणेशास्त्रात पोटीन म्हणतात, ते तांबे, कथील आणि शिसे यांचे मिश्रण. दिसायला काळपट, स्वस्त, रोजच्या देवघेवीसाठी बनवलेले. भडोचला उतरलेल्या तांब्या-कथलातले काही पैठणच्या वाटेने आत येऊन या नाण्यांत मुरले असेल काय? शक्य आहे. भारतात ना तांबे आहे ना शिसे, मोती आणि रत्ने देऊन तो ती विकत घेतो, असे प्लिनी लिहितो. पण इथे प्लिनीवर पूर्ण विसंबता येत नाही. राजस्थानात अगुचासारख्या खाणी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या आणि खेत्रीचे तांबे तर फारच जुने. त्यामुळे पोटीनमधला धातू भूमध्य सागराकडचा होता असे ठाम म्हणायचे नाही. म्हणायचे इतकेच, की परदेशी धातू आला असलाच, तर तो सम्राटाचे डोके घेऊन आला नाही. तो लगडीच्या रूपात आला आणि इथे त्यावर हत्ती उमटला.

हा हत्ती जवळून पाहण्याची सर्वांत चांगली संधी दिली ती तऱ्हाळ्याच्या ठेव्याने. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आता वाशिम जिल्ह्यात मोडणाऱ्या, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सुमारे १६०० पोटीन नाणी एकत्र सापडली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचा अभ्यास करून ती प्रसिद्ध केली. नाण्याच्या एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि त्याच्यावर ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव. दुसऱ्या बाजूला अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले उज्जयिनी चिन्ह. आता यातली अडचण पाहा. ठशाचा घेर मोठा आणि नाण्याचा तुकडा लहान, त्यामुळे नाव कधीच संपूर्ण उमटत नाही. एका नाण्यावर ‘सातक’ एवढेच येते, दुसऱ्यावर नुसता शेवटचा ‘णिस’, तिसऱ्यावर राजाच्या नावाचे पहिलेच अक्षर शिल्लक राहते. बाकीचा मजकूर नाण्याच्या कडेबाहेर गेलेला. एकट्या नाण्यावरून राजा ओळखणे बहुधा अशक्य. शेकडो नाणी शेजारीशेजारी मांडली, एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, तेव्हा कुठे पुरे नाव जुळते. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी हे ओळखीचे राजे तर त्यात निघालेच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावेही पुढे आली, जी पुराणांतल्या वंशावळ्यांत नाहीत. सातवाहनांच्या शेवटच्या काळात विदर्भात सत्ता कोणाच्या हाती होती, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला.

हे घडले ते ठेवा फुटला नाही म्हणून. त्या गाडग्यातली बरी दिसणारी पन्नास नाणी कोणी निवडून घेतली असती आणि उरलेली तांबटाकडे मोडीत गेली असती, तर निवडलेल्या पन्नासांवरची अर्धवट अक्षरे अर्धवटच राहिली असती. झिजलेल्या, कुरूप नाण्यांनी इथे राजांची नावे दिली. नाणे जमवण्याच्या नेहमीच्या रीतीत पहिल्यांदा बाजूला पडतात ती हीच.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप दक्षिणेकडून येतो. रोमन कांस्य परदेशी चालत नव्हते म्हणता, मग तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईत आणि श्रीलंकेत ही नाणी ढिगांनी कशी सापडतात? सापडतात हे खरेच. श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या, म्हणजे लोक ती पैसा म्हणून वापरत होते यात शंका नाही. पण ही मुख्यतः चौथ्या-पाचव्या शतकातली हलकी नाणी आहेत, २५ ग्रॅमचे सेस्टर्शियस नव्हेत. तोवर रोमची चांदी पार खालावली होती. तिसऱ्या शतकातल्या सम्राट गॅलिएनसच्या काळात ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी शेकडा दोन-तीन उरली होती, आणि पुढे हलक्या कांस्याचाच सुकाळ झाला. ही चिल्लर समुद्रमार्गाने जिथे उतरली तिथे, बंदरांना जोडलेल्या पट्ट्यात आणि जिथे स्वतःची चिल्लर अपुरी होती त्या बाजारांत रुजली. म्हणजे दक्षिणेचा पुरावा माझे म्हणणे खोडत नाही, ते नेमके करतो. हलके नाणे परमुलखात चालते, पण तिथे रिकामी जागा असेल तरच. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या विदर्भात ती जागा हत्तीने आधीच भरलेली होती.

दुसरा आक्षेप असा, की नाणी आली असतील आणि वितळवली गेली असतील. तांबे-पितळ ही घरोघर लागणारी वस्तू. परक्या नाण्याचा तांबट तांब्या करून टाकणार. हाही आक्षेप निराधार नाही. उलट चांदीच्या बाबतीत अभ्यासकांनी हाच तर्क केला आहे. नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्ले येथे दीड हजारांवर रोमन डिनेरियस एका ठिकाणी निघाले, पण भडोचच्या मागच्या प्रदेशात ते तुरळक आहेत. तिथली चांदी क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांसाठी आटवली गेली असावी. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली निघालेली सव्वातेरा हजार चांदीची नाणी या नहपानाचीच, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. जिंकलेल्या शत्रूचे नाणे त्याने आटवले नाही, ठसा मारून तसेच बाजारात सोडले. याचा अर्थ, जे नाणे चलनात भरपूर होते त्यावर नव्या राजाची खूण उमटायची. रोमन कांस्य इथे खरोखर फिरत असते, तर ज्ञात ठेव्यांत निदान काही नाण्यांवर असा देशी ठसा दिसायला हवा होता. तो दिसत नाही. वितळवण्याने संख्या घटते हे मान्य, पण चलनाचा मागमूसच पुसला जाणे त्यातून समजत नाही.

आणि हे रोमविषयीच्या अज्ञानामुळे झाले नाही, याला फार बोलका पुरावा आहे. तेरला, तेलंगणात कोंडापूरला आणि आणखी काही जागी भाजलेल्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत, ज्यांच्यावर टायबेरियसच्या नाण्याची नक्कल आहे. काहींना वर भोक किंवा कडी आहे, म्हणजे ती गळ्यात घालायची. रोमन सम्राटाचे डोके दख्खनच्या बाईला परिचयाचे होते, आवडतही होते. ते तिने दागिना म्हणून घेतले, बाजारात भाजी घ्यायला नव्हे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आणि तिच्यासोबतची भांडी हेच सांगतात. रोमचे कांस्य महाराष्ट्रात आले होते, मूर्ती म्हणून, सुरई म्हणून. नाणे म्हणून आले नाही. कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात तो पोसायडन आजही पाहता येतो, आणि एवढ्याशा मूर्तीतला अंगाचा तोल पाहिला की ती कोणी का मागवली असेल हे लगेच कळते.

इथवरचा सगळा युक्तिवाद एका गोष्टीवर उभा आहे: कोणती वस्तू कुठे निघाली हे माहीत असणे. तऱ्हाळा, जोगळटेंभी, ब्रह्मपुरी, करूरचे नदीपात्र. या नावांतले एक जरी पुसले, तर त्याच्या जोरावर काढलेला निष्कर्ष गळून पडतो. म्हणूनच आजच्या नाणेबाजारातल्या रोमन कांस्याविषयी मनात आस्था असूनही चिंता वाटते. त्यातले बहुतेक नाणे युरोपातल्या किंवा पश्चिम आशियातल्या कोणत्या शेतातून आले हे विकणाऱ्याला माहीत नसते. क्वचित दक्षिण भारतातले खरे नाणे त्यात मिसळते आणि त्याचे भारतीयत्व त्या क्षणी संपते. ऑनलाइन मागवलेले कॉन्स्टंटाइनचे नाणे यवतमाळातल्या एखाद्या कपाटात पडून राहिले आणि दोन पिढ्यांनी ते ‘आमच्या भागात मिळालेले’ म्हणून बाहेर आले, तर खोटा इतिहास तयार व्हायला तेवढे पुरे. बनावट नाण्यापेक्षा हा धोका मोठा आहे. बनावट नाणे जाणकार ओळखतो, पण खऱ्या नाण्याला चिकटलेला खोटा ठिकाणा ओळखायला काहीच साधन नाही.

संग्राहकांची बाजू इथे मांडायलाच हवी, कारण ती भक्कम आहे. सरकारी खात्यांनी जेवढे वाचवले, त्याहून जास्त हौशी माणसांनी वाचवले असे अनेक नाणेशास्त्रज्ञ सांगतील. नदीची वाळू चाळून पोट भरणाऱ्या झारेकऱ्याच्या पाटीतले नाणे संग्राहकाने घेतले नाही, तर ते भट्टीत जाते. करूर-मदुराईच्या रोमन तांब्याच्या नाण्यांवर पुस्तक लिहिणारे आर. कृष्णमूर्ती हे वृत्तपत्राचे संपादक होते, पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हे. पण त्यांच्या कामाला मोल आले ते त्यांनी नाण्यासोबत नदीचे नावही जपले म्हणून. इंग्लंडमधला दाखला आणखी स्पष्ट आहे. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ एका हौशी शोधकाला यंत्राने जमिनीत नाणी असल्याचे कळले. गाडगे दिसताच त्याने हात थांबवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. ५२,५०३ रोमन नाणी थराथराने बाहेर काढली गेली. त्यात सातशेहून अधिक कॅरॉसियस या बंडखोर सम्राटाची होती. ती सर्वांत अलीकडची नाणी, पण बहुतांशी खालच्या थरांत. म्हणजे गाडगे वर्षानुवर्षे थोडे थोडे भरलेले नव्हते, एकाच वेळी भरले गेले होते. शोधकाने उत्साहाच्या भरात गाडगे उलटे केले असते, तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि ही गोष्ट कोणालाच कळली नसती.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांवरचे गुप्तधन मिळाले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला पुरावशेष ठरवले, त्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि व्यापारासाठी परवाना लागू केला. कायदा आवश्यक आहे. पण गावात कायद्याचे नाव निघाले की नाणे लपते, आणि लपलेले नाणे सराफाच्या मुशीत जाते, हेही तितकेच खरे. शेतकऱ्याला भीती वाटते की शेतच जाईल. त्यामुळे दंडाचा धाक दाखवण्याआधी तहसील कचेरीत आणि गावच्या शाळेत एवढे सांगितले जायला हवे, की कायद्यात शोधणाऱ्याचा वाटाही मानलेला आहे आणि नाणे कळवल्याने जमीन आपोआप जात नाही.

आर्णी परिसरातल्या नाणेप्रेमी माणसाने मग काय जमवावे? रोमन नाणे जरूर घ्यावे, त्याच्या खाली कोरलेली टांकसाळ वाचायला शिकावे, जगाचा एक कोपरा त्यातून कळतो. पण पाकिटावर ‘बाजारातून घेतले, ठिकाणा अज्ञात’ असे ठळक लिहावे. आणि त्याच वेळी आपल्या पायाखालच्या पांढरीकडे पाहावे. विहिरीचे काम, घराचा पाया, शेततळे, नदीच्या वाळूचा उपसा, यांतून निघणारा काळपट, हिरवट, वेडावाकडा तुकडा ॲसिडने घासू नये, कारण त्यावर उरलेली दोन अक्षरे घासण्यातच जातात. गावाचे नाव, गट क्रमांक, अंदाजे खोली आणि सोबत काय निघाले, खापर, मणी, विटा, हे त्याच दिवशी कागदावर उतरवावे आणि फोटोसह जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. या नोंदीला खर्च काहीच नाही.

अशा नोंदींतून सुटू शकेल असा एक मोठा प्रश्न या भागात अजून शिल्लक आहे. तऱ्हाळ्याचा ठेवा निघाला त्याच १९३९ साली वाशिमला वाकाटक राजा विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि वत्सगुल्मची शाखा इतिहासात आली. चौथ्या-पाचव्या शतकातल्या या राज्यात तांबे दानपत्रे कोरण्यासाठी होते, पण वाकाटकांची म्हणून नि:शंक मानली जातील अशी नाणी हाती नाहीत. काही लहान तांब्याची नाणी त्यांची असावीत असे अजय मित्र शास्त्रींसारख्या अभ्यासकांनी मांडले, त्यावर वाद आहे. सातवाहनांचा हत्ती मागे पडल्यावर आर्णी-वाशिमच्या बाजारात लोक कशाने व्यवहार करत होते? जुनेच पोटीन चालवत होते, की धान्यावर भागत होते? नेमक्या याच काळात दक्षिणेच्या किनाऱ्यावर रोमन कांस्याचा सुकाळ होता. मी वर म्हटले, की हलके परके नाणे रिकाम्या जागी रुजते. तर मग वाकाटककाळात ती जागा इथेही मोकळी झाली असेल. समोरासमोर उभ्या दोन शिपायांचे एखादे नाणे अरुणावतीच्या काठी, त्या काळच्या थरातून, साक्षीदारांसमोर आणि नोंदीसह निघाले, तर या लेखाचे शीर्षक बदलावे लागेल, आणि पहिल्या-दुसऱ्या शतकासाठी मांडलेला युक्तिवाद चौथ्या शतकासाठी नव्याने मांडावा लागेल.